पीस लिली आणि घरातला उजेड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधीच सांगते, मी काही बॉटनी शिकलेली नाही. पुण्यात चौथ्या मजल्यावर टू बीएचके, हॉलला पश्चिमेची गॅलरी, बेडरूमला पूर्वेची खिडकी आणि घरात सहा पीस लिली, त्यातल्या चार एकाच झाडाची पिल्लं. त्याआधीच्या दोन मी मारल्या, एक उन्हात आणि एक अंधारात, त्यामुळे दोन्ही बाजूंचा अनुभव गाठीशी आहे. सोसायटीतल्या बायका, भावजय, ऑफिसातली मंडळी सगळे फिरून फिरून तेच विचारतात म्हणून म्हटलं एकदा बसून लिहून टाकूया.

नर्सरीवाला म्हणाला सावलीचं झाड आहे, कुठंपण ठेवा. मग अंधाऱ्या कोपऱ्यात चालेल ना?

नाही चालणार. सगळा घोळ 'सावली' या शब्दानं केलाय. ही बाई मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या पावसाळी जंगलांतली, कोलंबिया वगैरे भागातली, तिथं उंच झाडांच्या खाली ओढ्याकाठच्या ओल्या जमिनीत वाढते. तिच्यावर थेट ऊन पडत नाही हे खरं, पण वर आभाळ आहे, पानांतून गाळून येणारा उजेड सकाळपासून संध्याकाळपर्यंत आहे, मधूनच एखादा कवडसा पानावरून सरकत जातो. आपण मे महिन्यात दुपारी आंब्याखाली खाट टाकून पेपर वाचतो ना, ती सावली. तिथंसुद्धा काही हजार लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) उजेड सहज असतो. आणि आपण सावली म्हणून तिला कुठं ठेवतो, तर सोफ्याच्या मागे नाहीतर टीव्हीच्या बाजूला, जिथं शंभर लक्सची मारामार.

आपल्याला तो फरक कळत नाही कारण डोळा फसवतो. अंधारात गेलं की बाहुली मोठी होते, मेंदू जुळवून घेतो आणि आपल्याला वाटतं छान उजेड आहे की. झाडाकडं ही सोय नाही, त्याला जेवढा मिळतो तेवढाच मिळतो.

खरं तर सावलीतसुद्धा प्रकार असतात हे आपल्या लोकांना कधीचं माहितीय. सांगली-मिरजेकडचा पानमळा बघा, विड्याच्या पानाचा वेल उघड्यावर लावत नाहीत, शेवरी, शेवगा, हादगा असली विरळ पानांची झाडं मुद्दाम लावून त्यांच्यावर चढवतात, ऊन गाळून यावं म्हणून. पण म्हणून कुणी वेल नेऊन माजघरात लावत नाही.

मग नक्की किती उजेड? आकड्यात सांगा.

अंदाज यावा म्हणून सांगते. मे महिन्यातलं दुपारचं उघड्यावरचं ऊन म्हणजे एक लाख लक्सच्या आसपास. पावसाळ्यात भरून आलेलं असताना बाहेर दहा-वीस हजार, एकदम काळोखी आली तर त्याहून कमी. आपल्या घरातले दिवे रात्री शंभर ते तीनशे.

पीस लिली हजार लक्सवर नुसती जगते, म्हणजे मरत नाही एवढंच. अडीच ते पाच हजार दिवसातले बरेच तास मिळाले तर नवी पानं येतात आणि फुलं पण येतात. हे सगळं गाळून आलेल्या उजेडाबद्दल, थेट उन्हाचं गणित वेगळं, ते पुढं आलंय.

फोनवर लक्स मीटरची फुकट ॲप असतात, आकडा तंतोतंत नसतो पण दोन जागांची तुलना करायला पुरतो. फोन पानाजवळ धरायचा आणि स्क्रीनची बाजू खिडकीकडं करायची, कारण बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये सेन्सर पुढं असतो, काही ॲप कॅमेऱ्यानं मोजतात मग त्याप्रमाणे फिरवायचा. मी माझ्या हॉलमध्ये मोजलं तेव्हा खिडकीच्या कट्ट्यावर तीन हजारांच्या वर, तिथून चार-पाच पावलं आत हजाराच्या खाली आणि सोफ्यामागच्या कोपऱ्यात शंभरसुद्धा नाही. तेही मार्चमधल्या सकाळी अकराला, सगळे पडदे उघडे असताना! त्या कोपऱ्यात मी दुसरी लिली ठेवली होती आणि वर रोज पाणी घालत होते, काय होणार दुसरं.

ॲप-बिप नको. साधी टेस्ट सांगा.

हाताची सावली. दुपारी साधारण अकरा ते दोनच्या मध्ये झाड ठेवायचंय तिथं पांढरा कागद ठेवा आणि त्याच्यावर फूटभर उंचीवर हात धरा. बोटं वेगवेगळी दिसतील अशी कडक काळी सावली पडली तर तिथं थेट ऊन आहे, लिलीला जास्त. सावली पडतेय, हात आहे हे कळतंय पण कडा पुसट आहेत, तर उत्तम, कुंडी तिथंच ठेवून द्या. नुसता धुरकट डाग दिसला तर जगेल पण फुलं विसरा. काहीच दिसत नसेल तर तिथं फ्लॉवरपॉट ठेवा, कापडी फुलांचा.

आणखी एक, तिथं खाली बसा आणि झाडाच्या उंचीवरून खिडकीकडं बघा. आभाळाचा तुकडा दिसतो का? दिसत असेल तर बहुतेक पुरेसा उजेड आहे. समोरच्या बिल्डिंगची भिंतच दिसत असेल तर खिडकी कितीही मोठी असो, उपयोग कमी. मात्र ती भिंत नवीन पांढरी रंगवलेली असेल तर चांगला उजेड परत येतो, आमच्या शेजारच्या विंगने रंग काढला त्या वर्षी माझ्या किचनमधल्या झाडाला पहिल्यांदा फूल आलं, मी मेंटेनन्स न भरता फायदा घेतला.

कुठल्या दिशेची खिडकी चांगली? नेटवर सगळे म्हणतात दक्षिणेची टाळा, उत्तरेची घ्या.

याच प्रश्नासाठी खरं तर हे सगळं लिहायला घेतलं. नेटवरचा बराचसा सल्ला इंग्लंड-अमेरिकेतल्या लोकांनी त्यांच्या घरांसाठी लिहिलेला असतो आणि आपण तो जसाच्या तसा उचलतो. तिकडं दुपारचा सूर्य बारा महिने दक्षिणेकडंच असतो, लंडनला डिसेंबरात भर दुपारी तो क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो. त्यांची दक्षिणेची खिडकी म्हणजे कायम उन्हाची, उत्तरेची म्हणजे कायम थंड उजेडाची. सोपं आहे त्यांचं.

आपलं तसं नाही. पुणे-मुंबई साधारण १८-१९ अंश अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या खाली. मेच्या मध्याला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तो शून्य सावलीचा दिवस, शाळेतली पोरं पाण्याच्या बाटल्या उभ्या करून बघतात तोच. त्यानंतर जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो! नागपूरला हा काळ थोडा आखूड, कोल्हापूर-गोव्याकडं थोडा लांब. ऊन खिडकीतून आत कसं येतं ते यानं अख्खं बदलतं.

उत्तरेची खिडकी : ऑगस्टच्या शेवटापासून मार्च-एप्रिलपर्यंत मऊ, एकसारखा उजेड, लिलीसाठी झकास, अगदी काचेला लागून ठेवली तरी चालते. पण मे-जूनमध्ये सूर्य ईशान्येला उगवतो आणि वायव्येला मावळतो, त्यामुळे सकाळी लवकर आणि संध्याकाळी पाचनंतर तिरकी तिरीप आत येते. सकाळची ठीक आहे. मेमधली संध्याकाळची पान भाजू शकते, तेवढे दिवस कुंडी फूटभर आत घ्या.

दक्षिणेची खिडकी : गंमत म्हणजे मे-जूनमध्ये हिच्यातून दुपारी ऊन जवळजवळ येतच नाही, सूर्य वरून पलीकडं गेलेला असतो आणि वरच्या मजल्याचा सज्जा असतो. डिसेंबर-जानेवारीत मात्र दुपारी बारालासुद्धा सूर्य ४८ अंशांच्या आसपासच असतो, ऊन पाच-सहा फूट आत येऊन गालिचा तापवतं. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीत उन्हाळ्यात नाही, तर दिवाळीनंतर होळीपर्यंत सांभाळायचं, बरोब्बर उलटं. पातळ पडदा लावला की हीच खिडकी थंडीत सगळ्यात चांगली ठरते.

पूर्वेची : सगळ्यात बिनधोक. सकाळचं ऊन दोन तास, मग दिवसभर उजेड. माझ्या सहातल्या चार इथंच आहेत.

पश्चिमेची : हिच्यासाठी वेगळा प्रश्नच आहे खाली.

आणि कोणी परदेशात राहून हे वाचत असेल, बरेच जण मुलांकडं सहा महिने जातात आणि तिथल्या झाडांची जबाबदारी आयतीच गळ्यात पडते, तर टोरंटो-लंडनला वरचं विसरा. तिथं हिवाळ्यात लिली सरळ दक्षिणेच्या खिडकीत ठेवली तरी सहसा करपत नाही, उन्हात तेवढा जोरच नसतो, फक्त थंड काचेला पान टेकू देऊ नका आणि हीटरच्या तोंडाशी ठेवू नका. ऑस्ट्रेलियात तर उत्तर-दक्षिणच उलटी.

आमच्याकडं फक्त पश्चिमेचीच गॅलरी आहे हो. काय करू?

माझी पहिली लिली इथंच गेली. फेब्रुवारीत आणली, गॅलरीत ठेवली, छान होती, मी फोटो पण टाकला स्टेटसला. मार्चचा दुसरा आठवडा आला, ऑफिसातून आले तर पानांवर कागदासारखे पांढुरके पट्टे, जणू कुणी इस्त्री ठेवून उचललीय. पश्चिमेच्या उन्हाचा प्रॉब्लेम असा की ते येतं तेव्हा हवा आधीच तापलेली असते, भिंत तापलेली, ग्रिल तापलेलं, फरशी तापलेली, आणि सूर्य खाली असल्यामुळे सज्जाचा काही उपयोग नाही, ऊन सरळ तोंडावर. सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला सूर्य जवळपास सारख्याच उंचीवर असेलही, पण झाडाला ते सारखं नसतं.

तरी जमतं. एक तर गॅलरीत न ठेवता गॅलरीच्या दाराच्या आत चार-पाच फुटांवर ठेवा, जिथं ऊन पोचत नाही पण उघडं आभाळ दिसतं. दुसरं, हिरवी शेडनेट. दुकानात ५० टक्के, ७५ टक्के, ९० टक्के अशी मिळते, म्हणजे तेवढं ऊन अडवते. लिलीसाठी पश्चिमेला ७५ घ्या. ती ग्रिलच्या बाहेरून बांधा, आतून झाडाला टेकवून नको, तापलेली नेट पानाला लागली तरी पान करपतं. तिसरी युक्ती, पुढं उन्हाची झाडं उभी करायची, माझ्याकडं जास्वंद आणि एक थोराड कढीपत्ता आहे, त्यांच्या मागच्या आडोशाला एक लिली वर्षभर सुखात आहे.

सकाळचं कोवळं ऊन चालतं का?

चालतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी साडेनऊ-दहापर्यंतचं, बाकी वर्षभर आठपर्यंतचं. एप्रिल-मेमध्ये साडेआठचं ऊनसुद्धा कोवळं राहिलेलं नसतं, विदर्भ-मराठवाड्यात तर विचारूच नका. तिकडच्यांनी उन्हाळ्यात पूर्वेलाही पडदा ठेवा. आणि पडदा म्हणजे साधा पांढरा मलमलीसारखा, आपले ते जाड ब्लॅकआउट पडदे नव्हेत.

पानं करपली, पांढरे-तपकिरी डाग पडले. बरी होतील का?

ती पानं नाही. भाजलेला भाग परत हिरवा होत नाही. पण पान अर्ध्याहून जास्त हिरवं असेल तर लगेच कापू नका, ते अजून कामाचं आहे. झाड सावलीत घ्या, नवी दोन-तीन पानं आली की जुनी देठाच्या मुळाशी काढा.

मात्र प्रत्येक डागाचा दोष उन्हाला देऊ नका. उन्हाचा डाग पानाच्या मधोमध किंवा जी बाजू खिडकीकडं आहे तिथं येतो, कोरडा, फिक्का, पापडासारखा. नुसती टोकं तपकिरी होत असतील तर ते बहुतेक पाण्यामुळं, बोअरचं क्षारवालं पाणी, खताचा मारा नाहीतर माती एकदम कोरडी पडून पुन्हा एकदम भिजणं. आणि काळपट, ओलसर, मऊ पडलेलं पान असेल तर मुळं कुजतायत का बघा.

उजेड कमी पडतोय हे कसं ओळखायचं?

झाड बोलून दाखवतं, फक्त सावकाश बोलतं, दोन-तीन महिने लागतात. देठ लांबच लांब आणि पान लहान. सगळं झाड खिडकीकडं झुकलेलं, मागून बघितलं तर टक्कल. नवं पान आधीच्यापेक्षा छोटं. फुलाचा पत्ता नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुंडीतली माती आठ-दहा दिवस ओलीच. उजेड कमी म्हणजे झाड पाणी कमी पितं, आपण मात्र सवयीनं घालत राहतो आणि मुळं कुजतात. माझी दुसरी लिली लोकांना सांगताना मी 'अंधारात गेली' म्हणते, पण खरं ती बुडून गेली. कुंडीतून काढली तेव्हा मुळं तपकिरी, हाताला लागताच साल सुटून आतला दोरा हातात येत होता आणि वास मोरी तुंबल्यासारखा.

झुकत असेल तर आठवड्यातून एकदा कुंडी पाव वळसा फिरवा. मी शनिवारी झाडू मारताना फिरवते, म्हणजे विसरत नाही.

दुपारी मान टाकते. ऊन जास्त झालं की पाणी कमी?

दोन्ही असू शकतं, तिसरं म्हणजे पाणी जास्त हेही असू शकतं, म्हणून पाण्याचा तांब्या उचलायच्या आधी बोट दोन पेरं मातीत घाला. कोरडं लागलं तर पाणी घाला, तास-दोन तासांत उभी राहते, इतकं नाटकी झाड दुसरं नाही. माती ओली असूनही मान खाली असेल आणि दुपारची वेळ असेल तर उन्हाची झळ लागतेय, आत घ्या, संध्याकाळी आपोआप सरळ होते. माती ओली, सकाळची वेळ आणि तरीही लोळलेली, तर मुळांचं दुखणं आहे, कुंडीतून काढून बघा. अशा वेळी 'बिचारीला तहान लागली' म्हणून आणखी पाणी घालणं म्हणजे तिला वर पोचवणं.

आणली तेव्हा सहा फुलं होती. दोन वर्षं झाली, एक नाही!

वाईट वाटून घेऊ नका, दुकानातली फुलं बऱ्याचदा औषधावरची असतात. मोठे उत्पादक जिबरेलिक ॲसिड नावाचं संप्रेरक फवारतात, त्यानं दोन-तीन महिन्यांत सगळ्या झाडांना एकदम फुलं येतात आणि गाडी बाजारात जाते. घरी आल्यावर तिला स्वतःच्या जीवावर फुलायचं असतं, आणि ते उजेडाशिवाय होत नाही. खत घालून होत नाही, उलट नायट्रोजनचं खत जास्त झालं की नुसती पानंच पानं.

ज्यांना फुलं हवीत त्यांनी झाड खिडकीजवळ आणावं, पण एकदम नाही. दर तीन-चार दिवसांनी फूटभर, असं पंधरा दिवसांत सरकवा. कमी उजेडात वाढलेलं पान एकदम जास्त उजेड सोसत नाही, आपण थिएटरमधून दुपारी बाहेर आलो की डोळे मिचकावतो ना, फक्त इथं डोळे मिटायची सोय नाही. नवी जागा दिली की दोन-तीन महिने थांबा. आणि झाड वर्षभराचं तरी झालेलं असू द्या, पिल्लू वेगळं करून लावलेलं लगेच फुलत नाही.

नर्सरीतून नवीन आणताना पण हेच, उलट्या दिशेनं. ती तिथं शेडनेटखाली भरपूर उजेडात असते, आणून थेट कोपऱ्यात ठेवली की खालची दोन-चार पानं पिवळी पडतात. पहिले पंधरा दिवस घरातली सगळ्यात उजेडाची जागा द्या, मग न्या जिथं न्यायची तिथं.

पांढरं फूल हिरवं पडलं. उजेड कमी?

नाही, वय झालं. ते पांढरं म्हणजे मुळात फूल नाहीच, बदललेलं पान आहे, खरी फुलं मधल्या त्या दांड्यावर बारीक बारीक असतात. जुनं झालं की ते हिरवं होतं. अळूला किंवा सुरणाला फूल आलेलं बघितलंय का कधी? तसंच, मध्ये दांडा आणि भोवती गुंडाळलेलं पान, कारण सगळी एकाच घराण्यातली. मनी प्लांट पण. पण उमलतानाच हिरवट असेल तर मात्र जागेचा विचार करा.

पावसाळ्यात काय बदल करायचा?

जूनमध्ये मळभ आलं की घरातला उजेड एकदम पडतो, मुंबई-कोकणात तर चार-चार दिवस ट्यूब लावून बसायची वेळ. मे महिन्यात जी कुंडी आत घेतली होती ती परत खिडकीशी, पश्चिमेची गॅलरीसुद्धा जुलै-ऑगस्टमध्ये चालते. शेडनेट काढून ठेवा. पाणी निम्म्यावर आणा. आणि ऑक्टोबर हीटच्या आधी, म्हणजे साधारण नवरात्रात, सगळं पुन्हा आत घ्यायचं लक्षात ठेवा, कारण पाऊस गेल्यावर आभाळ स्वच्छ होतं आणि पावसाळ्यात मऊ झालेली पानं एका दुपारीत भाजतात. दरवर्षी कुणी ना कुणी मला याच दिवसांत फोटो पाठवतं.

मच्छरदाणीची जाळी पण बघा. धूळ बसून ती करडी झाली असेल तर उजेड बराच अडतो. पावसाळ्याआधी जाळी धुवा, काच पुसा, पानं ओल्या फडक्यानं पुसा. पानं चमकवायला तेल किंवा दूध लावायचं काही जण सांगतात, नका लावू, त्याच्यावर आणखी धूळ चिकटते.

तळमजला आहे, खिडकी डक्टमध्ये उघडते. ट्यूबलाइटवर जगेल?

जवळ असेल तर जगेल. छतावरची ट्यूब झाडापासून सहा-सात फूट लांब, तिचा उजेड पुरत नाही. त्यापेक्षा साधा ९ वॉटचा पांढरा एलईडी बल्ब टेबललॅम्पमध्ये घालून पानांपासून फूटभर वर धरा, तिथं हजार लक्सच्या आसपास मिळतो, शेडवाला लॅम्प असेल तर अजून थोडा. दोन फूट वर नेला की चौथाईच उरतो, अंतर दुप्पट झालं की उजेड चारात एक, हे लक्षात ठेवून लॅम्प लावा. दिवसाला बारा तास, टायमरचा सॉकेट लावून टाका. वीज महिन्याला सव्वातीन युनिटच्या आसपास जाते. फुलं हवी असतील तर दोन बल्ब लावा किंवा जास्त वॉटचा घ्या. ते जांभळे दिवे मुद्दाम आणायची गरज नाही, हॉल डान्स बारसारखा दिसतो आणि सासूबाई बोलतात.

रात्रभर चालू ठेवू नका, झाडालाही रात्र लागते.

ऑफिसातल्या टेबलावर असेल तर शनिवार-रविवार अंधारात गेले तरी एवढं काही होत नाही, पण बाकी पाच दिवस दिवा डोक्यावर हवा.

बाथरूममध्ये, जिन्यात, लिफ्टसमोर?

बाथरूमला खिडकी मोठी असेल तर छान, दमटपणा तिला आवडतो. वरची एक पट्टीची झडप असेल तर नको. जिन्यात आणि लिफ्टसमोर दोन झाडं घ्या आणि पाळीपाळीनं ठेवा, पंधरा दिवस तिकडं, महिनाभर खिडकीत.

कॅलेथिया, ॲग्लोनेमा, फर्न, स्नेक प्लांट यांनाही हेच नियम?

साधारण तेच, थोड्या फरकानं. कॅलेथिया लिलीपेक्षा नाजूक, उजेड जास्त झाला की पानांवरची नक्षी फिकी पडते आणि पानं सुरळीसारखी वळतात. हिरवी ॲग्लोनेमा कमी उजेडात चालते, गुलाबी-लाल पानांची नाही, तिला जास्त लागतो, नाहीतर रंग उतरतो. लिलीचाच डोमिनो म्हणून पांढऱ्या शिंतोड्यांचा प्रकार असतो, त्याचंही तसंच, पांढऱ्या भागात हरितद्रव्य नाही मग उरलेल्या हिरव्यालाच सगळ्यांसाठी कमवायचं असतं. बॉस्टन फर्नला उजेडापेक्षा ओल सुटल्याचा राग जास्त. आणि स्नेक प्लांट सावलीचं झाड नाहीच हो, ते आफ्रिकेतलं कोरड्या जागेतलं झाड, अंधारात टिकतं कारण सोशीक आहे, त्याला विचाराल तर ते ऊनच मागेल.

घरातली हवा शुद्ध करते म्हणून घेतलीय, जास्त उजेडात जास्त शुद्ध करेल का?

झाडं घरातली हवा शुद्ध करतात हे लोक सांगतात ते १९८९ च्या नासाच्या एका अभ्यासावरून, पण त्यात झाडं बंद पेटीत ठेवली होती. आपलं घर बंद पेटी नाही. २०१९ साली अशा बऱ्याच प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडला गेला तेव्हा निघालं की खिडकी उघडण्याइतका परिणाम हवा असेल तर एका चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील. मग आपण कुठं बसायचं? छान दिसते म्हणून ठेवा की.

खिडकीत खाली ठेवली की मांजर खातं. चालेल का?

नको. अळू कच्चं खाल्लं की घसा खवखवतो ना, तेच कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक हिच्यातही असतात. तोंडाची आग, लाळ, उलटी. मांजरांची किडनी निकामी करते ती खरी लिली, ही नावापुरती लिली आहे, तरी रांगतं बाळ किंवा मांजर असेल तर खिडकीला हूक लावून टांगा. फक्त टांगताना खिडकीच्या वरच्या चौकटीपेक्षा खाली राहील असं बघा, चौकटीच्या वर गेली की आभाळ दिसत नाही आणि पुन्हा अंधार.

पंधरा दिवस गावाला चाललोय. झाड कुठं ठेवू?

नेहमीच्या जागेपासून दोन-तीन फूट आत. उजेड थोडा कमी म्हणजे पाणी कमी पिणार. जायच्या दिवशी कुंडी बादलीत अर्धा तास बुडवून निथळा आणि खाली ताटली ठेवून त्यात खडे आणि थोडं पाणी, कुंडी खड्यांवर, पाण्यात नाही. घर पूर्ण बंद, पडदे लावून असं करू नका, एक पडदा उघडा ठेवा, पूर्वेचा किंवा उत्तरेचा. मे महिन्यात जात असाल तर उत्तरेचा पण अर्धाच, आणि किल्ली शेजारच्या काकूंकडं. त्यांना 'रोज पाणी घाला' सांगू नका, 'मान टाकली तरच घाला' सांगा, नाहीतर त्या प्रेमानं बुडवतात.